चित्रकथाकारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती : इतिहासाचे एक नवे साधन

१

कोणत्याही कलेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास प्रथम साधनांचा विचार करावा लागतो. राजाश्रयाखाली वाढलेल्या कलांची साधने दफ्तरांत सापडतात, देवालयांच्या आश्रयाने वाढलेल्या कलांची शिलालेखांत व दानपत्रांत सापडतात. परंतु जी कला बाजारासाठी जन्मास आली, जिच्या कारागिराचे नावही छापण्याची कोणास गरज वाटली नाही, तिचा इतिहास बहुधा त्या कारागिरांच्या तोंडीच राहतो आणि त्यांच्याबरोबर नाहीसा होतो. अमेरिकेतील चित्रकथा ही अशा कलांपैकी एक होय. तिच्या अभ्यासकांस गेल्या वीस वर्षांत एक विपुल साधन उपलब्ध झाले आहे. ते साधन म्हणजे पॉडकास्टवरील मुलाखती.

संगणकांच्या जाळ्यावरून श्रोत्याकडे आपोआप येणारी व त्याला आपल्या सवडीने ऐकता येणारी ध्वनिमुद्रित कार्यक्रममालिका म्हणजे पॉडकास्ट. हा शब्द बेन हॅमर्सली ह्या ब्रिटिश पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ ह्या दैनिकातील लेखात योजला. ‘आयपॉड’ ह्या यंत्रनामाचा उत्तरार्ध आणि ‘ब्रॉडकास्ट’ ह्या शब्दाचा उत्तरार्ध ह्यांच्या जोडणीने तो सिद्ध झाला आहे. ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने २००५ ह्या वर्षाचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. त्याच वर्षी चित्रकथांना वाहिलेल्या दोन मुलाखतमाला सुरू झाल्या. शिकागो येथील जॉन सियुंट्रेस ह्यांच्या मालेचे नाव ‘वर्ड बलून’, म्हणजे चित्रातील पात्राच्या तोंडाशी काढलेला संवादाचा फुगा. व्हँकूव्हर येथील विद्यापीठीय नभोवाणी केंद्रावरून रॉबिन मॅक्कॉनेल ह्यांनी सुरू केलेल्या मालेचे नाव ‘इंकस्टड्स’. पहिलीचा ओढा मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या चित्रकथांकडे, तर दुसरीचा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकथाकारांकडे. अशा मुलाखतींना इतिहासाची साधने म्हणून कोणते स्थान द्यावे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

२

हा प्रश्न इतर कलांपेक्षा चित्रकथेच्या बाबतीत अधिक निकडीचा का, हे समजण्यासाठी त्या धंद्याची घडण पाहिली पाहिजे. जेरी सीगेल आणि जो शूस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोघा तरुणांनी ‘सुपरमॅन’ ह्या पात्राचे सर्व हक्क १९३८ मध्ये प्रकाशकास १३० डॉलरांना विकले. पुढे हक्कांसाठी त्यांनी दावा लावला तेव्हा त्यांची नावेही कथांवरून उतरली. डिसेंबर १९७५ मध्ये, वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर, मालक कंपनीने दोघांस प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर देण्याचे व त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. डोनाल्ड डकच्या कथा वर्षानुवर्षे रचणारे कार्ल बार्क्स ह्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांचा हात वाचक ओळखीत, परंतु नाव कोणासच ठाऊक नव्हते. ‘तो चांगला बदके काढणारा’ एवढीच त्यांची ओळख होती. १९६०च्या सुमारास काही चिकित्सक वाचकांनी त्यांना शोधून काढले तेव्हा कोठे ते नाव बाहेर आले.

ह्या व्यवस्थेत काम तुकड्यांनी वाटलेले असे. एकाने कथा सांगावी, दुसऱ्याने शिसपेन्सिलीने चित्रे काढावी, तिसऱ्याने त्यांवर शाई चढवावी, चौथ्याने फुग्यांत अक्षरे घालावी, असा क्रम असे. मोबदला पानावर मिळे आणि हक्क प्रकाशकाकडे राहत. अर्थात कोणी काय केले ह्याची लेखी नोंद ठेवण्यात प्रकाशकाचा काहीच लाभ नव्हता. नोंद नसणे हेच त्याच्या सोयीचे होते.

ह्या परिस्थितीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणजे स्वतंत्र चित्रकथा होय. १९६८ मध्ये रॉबर्ट क्रम ह्यांचा ‘झॅप’ निघाला. १९७३च्या सुमारास फिल स्यूलिंग ह्यांनी प्रकाशकांकडून थेट दुकानांकडे माल नेण्याची पद्धती रूढ केली, आणि तीमुळे अल्प प्रतींच्या नियतकालिकांनाही पोट भरण्यापुरते ग्राहक मिळू लागले. डिसेंबर १९७७ मध्ये कॅनडातील डेव्ह सिम ह्यांनी ‘सेरेबस’चा पहिला अंक स्वतःच काढला आणि तीनशे अंकांची ती मालिका २००४ मध्ये पुरी केली. १९८८ मध्ये अशा काही चित्रकथाकारांनी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे जमून निर्मात्यांच्या हक्कांचा एक जाहीरनामा संमत केला. त्याचा मसुदा मुख्यतः स्कॉट मक्लाउड ह्यांचा होता. निर्मितीवरील स्वामित्व निर्मात्याचे, हे त्याचे सार. ज्याला आपली निर्मिती आपली म्हणून सांगावयाची आहे, त्याला बोलण्यासाठी व्यासपीठ हवे असते. मुलाखतीची परंपरा ह्या गरजेतून वाढली आहे, हे ध्यानात ठेवल्यास तिचे गुण आणि दोष दोन्ही समजतात.

३

पॉडकास्टच्या आधी ही परंपरा छापील होती. १९७६ मध्ये गॅरी ग्रोथ व माइक कॅट्रॉन ह्यांनी हाती घेतलेल्या नियतकालिकाचे पुढे ‘द कॉमिक्स जर्नल’ झाले आणि त्यातील प्रदीर्घ मुलाखती हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. विल आयस्नर ह्या ज्येष्ठ चित्रकथाकाराने १९८०नंतरच्या वर्षांत आपल्या नियतकालिकातून मिल्टन कॅनिफ, हार्वी कर्ट्झमन, जॅक कर्बी इत्यादी समव्यवसायींशी केलेली संभाषणे छापली. ती २००१ मध्ये ‘शॉप टॉक’ ह्या नावाने ग्रंथरूप झाली. त्यांत प्रश्न विचारणारा स्वतः कारागीर असल्यामुळे लेखणी, कुंचला, कागद, मोबदला, मुदत अशा गोष्टी सहजपणे येतात.

छापील मुलाखतीत बोलणे आणि छापणे ह्यांच्या दरम्यान किती अंतर पडते, ह्याचा उत्तम दाखला मात्र युरोपात मिळतो. ‘टिनटिन’चे निर्माते एर्जे ह्यांच्याशी न्यूमा सादूल ह्या तरुण अभ्यासकाने ऑक्टोबर १९७१ मध्ये ब्रुसेल्स येथे अनेक तास संभाषण केले व ते फितींवर घेतले. ग्रंथ निघाला १९७५ मध्ये. मधल्या काळात एर्जे ह्यांनी मजकूर पुन्हा पुन्हा तपासून त्यात पुष्कळ फेरफार केले होते. सुदैवाने फिती राहिल्या. डॅनिश दिग्दर्शक आंद्रस ऑस्टरगॉर ह्यांनी २००३ मध्ये आपल्या अनुबोधपटात त्यांचा उपयोग केला, तेव्हा विवाहातील कलह, स्वप्ने, मनाची खचलेली अवस्था ह्यांविषयी एर्जे स्वतःच्या आवाजात बोलताना लोकांनी ऐकले. ग्रंथ हा एर्जे ह्यांनी जगास काय सांगू इच्छिले त्याचा पुरावा आहे, तर फीत ही त्यांनी त्या दिवशी काय सांगितले त्याचा पुरावा आहे. दोहोंस इतिहासात स्थान आहे, परंतु ते एकच स्थान नव्हे.

४

ध्वनिमुद्रणात टिकणारी आणि छापताना गळणारी वस्तू कोणती? भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहता ती केवळ ‘आवाज’ नव्हे. बोलणारा वाक्य अर्धवट सोडतो, मागे येऊन शब्द बदलतो, उत्तरापूर्वी थांबतो, प्रश्नकर्त्याचा शब्द उचलतो किंवा टाळतो. छापील प्रतीत ही सर्व सामग्री दोष म्हणून काढून टाकली जाते. वस्तुतः स्मरण कोठे पक्के आहे आणि कोठे रचलेले आहे, ह्याची खूण पुष्कळदा तेथेच असते. वीस वेळा सांगितलेली हकीकत न अडखळता येते, तर प्रथमच आठवलेली हकीकत चाचपडत येते. ओघवते उत्तर अधिक विश्वसनीय असा जो सर्वसाधारण समज आहे, तो म्हणून तपासून पाहिला पाहिजे.

चित्रकथेच्या क्षेत्रात हे मर्म सर्वांत आधी एका चित्रकथाकारानेच ओळखले होते. आर्ट स्पीगलमन ह्यांनी १९७२ पासून आपले वडील व्लादेक ह्यांच्या आउश्वित्झ छळछावणीतील आठवणी ध्वनिमुद्रित केल्या व त्यांवरून ‘माउस’ रचले. त्याचे दोन खंड १९८६ व १९९१ मध्ये निघाले आणि १९९२ मध्ये त्यास पुलित्झर समितीचे विशेष पारितोषिक मिळाले. पोलंडमधून आलेल्या यहुदी माणसाचे इंग्रजी, त्यातील उलटापालटा शब्दक्रम, गाळलेल्या किंवा चुकलेल्या विभक्त्या, हे सर्व स्पीगलमन ह्यांनी फुग्यांत तसेच ठेवले. विशेष हे की गतकाळात, जेव्हा व्लादेक आपल्या मातृभाषेतून बोलत असतो, तेव्हा त्याचे संवाद सरळ इंग्रजीत येतात. मोडकी भाषा येते ती निवेदनात व वर्तमानात. निर्वासिताने देशाबरोबर काय गमावले हे त्यामुळे विवेचनाशिवाय वाचकास कळते. २०११ मध्ये निघालेल्या ‘मेटामाउस’ ह्या ग्रंथाबरोबरच्या तबकडीत मूळ ध्वनिमुद्रणे दिली असल्यामुळे आवाज आणि पान ही आता शेजारी ठेवून पाहता येतात. मुलाखत ही येथे कृतीवरील भाष्य नसून कृतीचा कच्चा माल आहे.

पॉडकास्टमधील संभाषणे ह्या योग्यतेची नसतात, हे उघड आहे. तथापि त्यांची उपयुक्तता निराळ्या दिशेने आहे. चित्रकथाकार दिवसाचे दहादहा तास एकटा बसून काम करतो आणि काम करताना ऐकतो. म्हणजे ह्या मालांचा श्रोतृवर्ग बऱ्याच अंशी समव्यवसायींचाच असतो. त्यामुळे बोलणारा व्यवसायाच्या परिभाषेत निःसंकोच बोलतो. डॅन बेरी ह्या ब्रिटिश चित्रकथाकाराच्या मालेत चित्रकथा प्रत्यक्षात कशी करतात हाच मुख्य विषय असतो. गिल रॉथ ह्यांच्या २०१२ मध्ये सुरू झालेल्या मालेत चित्रकथाकारांच्या बरोबरीने साहित्यिकही येतात आणि वाचनाचे संस्कार उलगडतात. वृत्तपत्राच्या स्तंभास लांबीची मर्यादा असते. येथे ती नाही. तासभर चाललेल्या बोलण्यात, पहिल्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या, घरभाडे कशातून दिले, पुस्तक पुरे होईपर्यंत कोणती नोकरी केली, अशा गोष्टी ओघात येतात. स्वतंत्र चित्रकथेचा आर्थिक इतिहास लिहिण्यास ह्याहून जवळचे साधन क्वचितच मिळेल. ‘इंकस्टड्स’मधील निवडक मुलाखती २०१० मध्ये ग्रंथरूपाने निघाल्या ही गोष्टही त्यांच्या मोलाची निदर्शक आहे.

५

आता प्रामाण्याचा प्रश्न. मराठी अभ्यासकास तो अपरिचित नाही. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेच्या पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत बखरी आणि समकालीन अस्सल पत्रे ह्यांतील भेद स्पष्ट केला व बखरींच्या चुका निर्दयपणे दाखविल्या. हा भेद येथेही लागू पडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनी जिंजी येथे छत्रपती राजाराम ह्यांच्या आज्ञेवरून आपली बखर लिहिली. अर्थात ती एका विचारणेस दिलेले उत्तर होती, घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, स्मरणावर विसंबून दिलेले. पॉडकास्टवरील मुलाखतीचे लक्षण ह्याहून वेगळे नाही. तीही एक बखर होय.

ह्या कसोटीचा प्रत्यय पाहण्यास ‘ग्राफिक नॉव्हेल’ ह्या संज्ञेचाच इतिहास पुरेसा आहे. आयस्नर मुलाखतींतून सांगत असत की ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ हे पुस्तक एका प्रकाशकाच्या गळी उतरविण्यासाठी दूरध्वनीवर बोलता बोलता ही संज्ञा आपल्याला सुचली. पुस्तक १९७८ मध्ये निघाले आणि त्याच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ही संज्ञा छापली गेली. परंतु रिचर्ड कायल ह्या अभ्यासकाने तीच संज्ञा नोव्हेंबर १९६४ मध्ये हौशी वाचकांच्या एका पत्रिकेत वापरलेली आहे, आणि १९७६ मध्ये निघालेल्या एकाहून अधिक पुस्तकांवरही ती आढळते. आयस्नर खोटे बोलत होते असे ह्यावरून ठरत नाही. एकच समास दोघांस स्वतंत्रपणे सुचणे भाषेच्या व्यवहारात अगदी स्वाभाविक आहे. परंतु ‘प्रथम कोणी योजली’ ह्या प्रश्नाचा निकाल छापील तारखेवरच लागतो. ‘ती का योजावीशी वाटली’ ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र आयस्नर ह्यांच्या हकीकतीतच मिळते : चित्रकथेस पुस्तकांच्या दुकानात स्थान मिळावे म्हणून. दस्तऐवज काल सांगतो, आठवण हेतू सांगते.

ह्याहून गंभीर उदाहरण जॅक कर्बी ह्यांचे आहे. ‘मार्व्हल’ ह्या प्रकाशनसंस्थेची १९६० ते १९७० ह्या दशकातील प्रमुख पात्रे स्टॅन ली ह्यांची किती आणि कर्बी ह्यांची किती, हा वाद अद्याप शमलेला नाही. २८ ऑगस्ट १९८७ रोजी, कर्बी ह्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूबीएआय’ ह्या नभोवाणी केंद्रावर त्यांची मुलाखत चालू असता ली दूरध्वनीवरून तीत सहभागी झाले. प्रारंभी अभिनंदन, मग जुन्या आठवणी, आणि पाहता पाहता संवाद कोणी लिहिले ह्यावर मतभेद! दोघांच्या बोलण्यातील आदर आणि दुखावलेपण एकाच वेळी ज्यात ऐकू येते असे हे ध्वनिमुद्रण पॉडकास्टचे पूर्वरूप मानावयास हरकत नाही. पुढे फेब्रुवारी १९९० मध्ये ‘द कॉमिक्स जर्नल’च्या १३४व्या अंकात कर्बी ह्यांची दीर्घ मुलाखत आली. तीत त्यांनी केलेले काही दावे, विशेषतः ‘स्पायडरमॅन’विषयीचे, त्यांच्या चाहत्यांसही जसेच्या तसे मान्य करता आलेले नाहीत.

ह्या वादात अस्सल कागद आहेत काय? आहेत. कर्बी ह्यांच्या मूळ पानांच्या कडेला, प्रसंगात काय घडत आहे व पात्र काय म्हणत आहे हे त्यांनी स्वहस्ते लिहिलेले असे. ही टिपणे त्या वेळची, त्या कामासाठीच लिहिलेली व कोणासही पटविण्याच्या हेतूने न लिहिलेली आहेत. राजवाडे ह्यांच्या अर्थाने ती पत्रे होत. कथेची मांडणी बऱ्याच अंशी कर्बी करीत हे त्यांवरून सिद्ध होते. संवादांचा अंतिम शब्द त्यांचा होता हे सिद्ध होत नाही. म्हणजे दोन्ही बखरी अंशतः खऱ्या ठरतात.

परंतु हा केवळ अभ्यासकांचा वाद राहिला नाही. कर्बी ह्यांच्या वारसांनी २००९ मध्ये हक्क परत मिळविण्याच्या नोटिसा दिल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. वारसांच्या बाजूने मार्क इव्हॅनियर व जॉन मॉरो ह्या दोघा चित्रकथा-इतिहासकारांचे अहवाल देण्यात आले होते. न्यायालयाने ते अग्राह्य ठरविले, आणि वरिष्ठ न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय उचलून धरला. कारण असे देण्यात आले की त्या अहवालांचा पाया मुख्यतः चित्रकारांनी औपचारिक व अनौपचारिक प्रसंगी केलेली विधाने, म्हणजे ऐकीव पुरावा, हा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये पक्षांत तडजोड झाली, आणि त्यानंतर कर्बी ह्यांचे नाव सहनिर्माता म्हणून छापले जाऊ लागले. त्यास वीस वर्षे उशीर झाला होता, कारण कर्बी १९९४ मध्येच वारले होते. येथे इतिहासकाराची आणि न्यायाधीशाची कसोटी वेगळी पडते. न्यायाधीशास उलटतपासणीवाचून ऐकीव शब्द स्वीकारता येत नाही. इतिहासकारास तो स्वीकारता येतो. परंतु उलटतपासणी त्याला स्वतः करावी लागते. ती न करता मुलाखतींचे उतारे एकापुढे एक मांडणे म्हणजे इतिहास नव्हे.

६

हा विचार भारतीय चित्रकादंबरीसही लागू आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान-गोंड चित्रकारांनी श्रीविद्या नटराजन व एस. आनंद ह्यांच्या संहितेवरून रचलेले ‘भीमायन’ २०११ मध्ये निघाले. डॉ. आंबेडकरांनी बालपणी केलेला गोरेगावचा प्रवास त्यात आहे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. त्यांच्या घरचा इतिहास मुळात मौखिकच. ह्या चित्रकारांनी चौकटींत पात्रे कोंडण्यास नकार दिला. संवादाच्या फुग्यांसही त्यांनी नवा आकार दिला : कोमल बोलण्यास पक्ष्याचा, विखारी बोलण्यास विंचवाच्या नांगीचा. उच्चाराचा भाव अक्षरांत न सांगता फुग्याच्या आकारात सांगण्याची ही कल्पना भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही विचारार्ह आहे. ही निवड कशी झाली, हे आनंद ह्यांनी ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले आहे म्हणून कळते. तसे लिहिणारा कोणी नसता तर ते व्याम दांपत्याच्या तोंडीच राहिले असते.

७

साधन विपुल असले म्हणजे ते सुरक्षित असतेच असे नाही. छापील अंकाच्या प्रती अनेक घरी राहतात. पॉडकास्टची मूळ प्रत बहुधा एकाच ठिकाणी, कोणाच्या तरी वर्गणीवर जगत असते. वर्गणी थांबली की शेकडो तासांचे बोलणे एका दिवसात नाहीसे होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने पॉडकास्टांचा एक संशोधनसंग्रह उभारला आहे, तो ह्याच जाणिवेने. पाठ्यवस्तू म्हणून एखादी मुलाखत वापरणाऱ्या संशोधकाने निदान तिची तारीख, स्थळ, प्रश्नकर्त्याचे नाव आणि ती संक्षिप्त केली आहे की नाही ही माहिती नोंदविली पाहिजे. प्रतिलेख करताना अडखळणे, थांबणे, शब्द बदलणे ही चिन्हांनी दाखविली पाहिजेत. एकाच घटनेच्या निरनिराळ्या वेळी सांगितलेल्या हकीकती एकत्र वितळवून एक गुळगुळीत हकीकत करण्याचा मोह टाळला पाहिजे.

ह्या शेवटच्या बाबतीत मराठीपुढे फार जुना आदर्श आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून. आणि जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तेथे ‘लीळाचरित्रा’च्या परंपरेने तो भेदही जतन केला. ऐकलेल्या शब्दाविषयीची ही निष्ठा यंत्राने आपोआप येत नाही. सीगेल, बार्क्स, कर्बी ह्यांच्या पिढीचे पुष्कळसे बोलणे कोणी विचारले नाही म्हणून गेले. आजच्या पिढीस विचारणारे आहेत. तिचे बोलणे ऐकून, तपासून व नीट नोंदवून ठेवणे हे आता अभ्यासकाचे काम होय.